शेवटचा रकाना

सोमवार, २ फेब्रुवारी २०२६
दिंडोरी रस्ता, नाशिक

…आणि थुंकलो. वीस माणसं बघत होती. दर दोन खुर्च्यांमध्ये एक स्टीलची बादली ठेवली आहे, ती त्यासाठीच. पण पहिल्याने कोणी थुंकेना. मी थुंकलो. मागे एक बाई हसल्या. मग एकेक करून सगळे थुंकू लागले.

ताई, घशाखाली वाईनचा थेंब गेला नाही. हे आधी लिहितो, कारण तू पत्रात पहिलं तेच शोधशील.

त्याच्याही आधी एक झालं. ग्लास हातात आला आणि मी दोन थेंब जमिनीवर सोडले. ठरवून नाही. बाबा सोडायचे, काका सोडायचे, आधी गेलेल्यांना, मग आपण. मी जन्मात पहिल्यांदा तोंडाला लावायला ग्लास धरला आणि हाताने ते परस्पर करून टाकलं. शिकवणाऱ्या रेवा मॅडमना वाटलं, सांडलं. त्यांनी कागदी रुमाल दिला. मी खाली वाकून पुसलं. आपल्या घरातले सगळे गेलेले मी नाशिकच्या फरशीवरून पुसून काढले.

फोन का करत नाही ते तुला माहीत आहे. तुझा फोन आईजवळ असतो आणि आई सगळं स्पीकरवर लावते. पत्र तिला वाचता येत नाही. विठूचा टेम्पो रोज पहाटे करंजा बंदराची मासळी घेऊन नाशिकला येतो, इथल्या स्वयंपाकघरात सुरमई-कोळंबी टाकतो आणि रिकामी खोकी घेऊन पनवेलला परततो. पत्र त्याच्याकडे दे. टपालापेक्षा लवकर मिळेल.

आईला एवढंच सांग, हॉटेलने वाढप शिकायला पाठवलंय.

दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. सकाळी वर्ग, मग जेवण, दुपारी पुन्हा वर्ग, संध्याकाळी द्राक्षाच्या मळ्यात फिरणं, तळ्याकाठी बसणं. वाईनही शिका आणि सुट्टीही घ्या, अशी जाहिरात होती. एकट्याला घेत नाहीत. जोडीलाच प्रवेश, दोन खुर्च्या, दोन वह्या. म्हणून निशाला आणलं. तिला नुसती सुट्टी म्हणून सांगितलं. लग्नाला चार वर्षं झाली, आम्ही कुठेच गेलो नाही. आज सकाळी मी वही घेऊन निघालो तर म्हणाली, "हे काय?"

"वर्ग."

"किती वेळ?"

"एकपर्यंत. मग तीन ते पाच."

"आणि मी?"

मी म्हटलं, मळा बघ. तिने दार लावून घेतलं.

आपल्याकडच्या विमानतळाजवळच्या नव्या हॉटेलात वाईन वाढणारी माणसं घेणार आहेत. मुलाखत सतरा तारखेला. त्यांना अनुभव नको, प्रमाणपत्र हवं. खारघरला सात वर्षं मी सकाळच्या पाळीत ऑम्लेट वाढतो आहे. संध्याकाळचं काउंटर मागितलं की मॅनेजर म्हणतो, तू पीत नाहीस, तुझ्या हातचं कोण घेणार? हा कागद मिळाला की मला त्याला विचारायची गरज नाही. पण तो न गिळता मिळवायचा आहे. तेवढंच आहे.

कल्पेश


मंगळवार, ३ फेब्रुवारी
मासळी बाजार, पनवेल

कल्पेश,

पत्र खोक्यातल्या उरल्या बर्फावर ठेवून दिलंस. अर्धी शाई वाहून गेली. प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांध. एवढा शिकलेला तू.

थुंकलास ते बरं केलंस. पण थुंकायलाच जायचं होतं तर नाशिक कशाला? इकडं बाजारात माणसं दिवसभर थुंकतात, कोणी त्यांना कागद देत नाय.

आईनं विचारलं, कुठं गेला? मी बोलले, ताटं कशी मांडायची ते शिकायला हॉटेलनं पाठवलाय. ती बोलली, "मंग सात वर्सं काय करत व्हता?" मी पापलेट कापायला घेतलं.

तशी बरी हाय. गुडघे धरलेत. संध्याकाळचं औषध नेमानं घेते, त्यात खंड नाय.

निशाला तू खोटं सांगितलंस. बायकोला सुट्टी सांगून शाळेत नेलीस. मी असते तर पहिल्या एस्टीनं परत आले असते आणि तुझी वही चुलीत घातली असती. तिच्याशी बोल. वर्ग सुटला की लगेच, जेवायच्या आधी.

वासाची काळजी करू नको. तू पाच वर्षांचा असताना टोपलीवरचं फडकं न काढता सांगायचास, बोंबील आजचे की कालचे. गिऱ्हाईक घाबरायचं तुला. बाबा टोपलीपासून हाकलायचे.

शशिकला


गुरुवार, ५ फेब्रुवारी
नाशिक

ताई,

तुझं पत्र खिशात घालून वर्गात गेलो, ही चूक झाली. वासाचा दिवस होता. वीस माणसं डोळे मिटून ग्लासात नाक घालून बसलेली. शेजारी पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "समुद्र. मला समुद्र येतोय." त्यांच्या बायकोलाही आला. मग पुढच्या रांगेलाही आला. मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, पांढऱ्या वाईनमध्ये खारेपणा असू शकतो, छान पकडलंत. सगळ्यांना त्या एका वासाचे पूर्ण गुण. मी पत्र काढून दप्तरात ठेवलं आणि चेन लावली.

मला वासात वीसपैकी एकोणीस. वर्गात सर्वांत जास्त. तरी मी नापास होणार आहे. का ते सांगतो.

प्रत्येक वाईनसाठी कागदावर चार रकाने असतात. रंग, वास, चव आणि शेवट. शेवट म्हणजे घोट गेल्यावर मागे काय उरतं आणि किती वेळ उरतं. पहिले तीन रकाने थुंकून भरता येतात. चौथ्यासाठी इथला नियम असा, की एक छोटा घोट गिळायचा. मी गिळत नाही. जिभेवर राहतं ते लिहितो. मॅडम म्हणतात, "हा शेवट नाही, कल्पेश. तुम्ही मधेच थांबताय." शून्य. तीन दिवस, तीन शून्यं. परीक्षा तेरा तारखेला, शुक्रवारी. एक रकाना गेला तरी प्रमाणपत्र नाही.

आज मी त्यांना सगळं सांगितलं. बाबा धक्क्यावरून बोटीत उतरताना पडले, प्यायलेले होते. तेरावं झाल्यावर आईने माझा हात बोटीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, ठेवला आणि वदवून घेतलं, घशाखाली दारूचा थेंब नाही. मी बारा वर्षांचा होतो. मॅडमनी मधे न बोलता ऐकलं. मग म्हणाल्या, "मग या धंद्यात कशाला येताय?"

त्यांनी चिडवायला विचारलं नव्हतं. म्हणून जास्त लागलं. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सगळं ऑम्लेटचं होतं.

म्हटलं, मला सवलत द्या. त्या म्हणाल्या, "एकाला दिली तर उद्या कोणी म्हणेल, मी वास घेत नाही."

निशा जेवताना माझ्यासमोर बसते आणि खिडकीकडे बघते. तू सांगितलंस तसं बोललो. ती म्हणाली, "सुट्टीत आहे मी. मला त्रास देऊ नकोस." वर्गात माझ्या शेजारी तिच्या नावाची पाटी आहे. तिचाही ग्लास रोज भरतात आणि रोज ओतून टाकतात.

कल्पेश


शुक्रवार, ६ फेब्रुवारी
पनवेल

कल्पेश,

तिचा ग्लास ओतून टाकतात? मग तिला बसव. तिचा हात कोणी बोटीवर ठेवलेला नाय. ती गिळेल आणि तुला सांगेल, काय उरतं ते. तू लिही. एवढी साधी गोष्ट तुमच्या दोघांच्या डोक्यात येत नाय?

आईला विचार, मोकळा कर म्हणून, असं मला लिहू नकोस. तुझ्या पत्रात ते नाय, पण ओळींच्या मधे दिसतंय. मी विचारणार नाय. ती चिडली की दोन दिवस जेवत नाय आणि मग बाजारभर सांगते, पोरीनं उपाशी ठेवलं.

आज खाडीवरून तळोजाच्या कारखान्यांचा वास आला. सगळा बाजार नाक धरून. एक बाई मला बोलली, तुझी मासळी वास मारते. मी बोलले, बाई, मासळीला विचार ती काय म्हणते. गेली न घेता.

शशिकला


रविवार, ८ फेब्रुवारी
नाशिक

ताई,

मी निशा. विठूदादांकडे आज माझं पत्र आहे. कल्पेशला माहीत नाही.

मी चिडलेली आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं त्या आवाजात वाचाल. शनिवारी सकाळी कल्पेश पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, "तू गिळ आणि मला सांग काय उरतं." चार वर्षांत त्याने मला विचारलेला हा सर्वांत लांब प्रश्न. हे तुम्ही सुचवलंत, तेही त्याने सांगितलं. रागावले नाही. खोलीत बसून भिंतीवरच्या पाली मोजून झाल्या होत्या.

गेले. बसले. पांढरी वाईन होती. घोट गिळला. आधी आंबट लागलं, मग काहीच नाही, आणि मग, मी उठायच्या बेतात असताना, पाटीवर ओल्या बोटाने पुसल्यावर यायचा तसा वास मागून आला. घशाच्या मागून. मी पहिलीत असल्यासारखी बसून राहिले. कल्पेशने कोपराने ढोसलं, "काय? काय?" मी सांगितलं. त्याने माझे शब्द जसेच्या तसे लिहिले. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एका घशाला दोन कागद चालणार नाहीत." मला पूर्ण गुण, त्याला शून्य. आणि त्याची खुर्ची त्यांनी दुसऱ्या टोकाला लावली.

खोलीवर आल्यावर भांडण. तो म्हणाला, तू जरा वेगळं सांगायला हवं होतंस. मी म्हटलं, मला जे लागलं ते सांगितलं, तुझ्यासाठी वेगळं कसं लागेल? तो म्हणाला, तुला काय, तुझी सुट्टी आहे. ताई, मी उशी फेकली. लागली नाही.

आता खरं कारण. जोडीच्या शुल्कात दोघांची परीक्षा धरलेली असते. मॅडमनी मला विचारलं, देणार का? मी हो म्हटलं. लग्नाआधी मी दवाखान्यात नावं नोंदवायला बसायचे, तेव्हापासून मला कोणी काही विचारून माझं उत्तर लिहून घेतलं नव्हतं. कल्पेशला अजून सांगितलेलं नाही. सांगू का?

तुमची,
निशा


सोमवार, ९ फेब्रुवारी
नाशिक

ताई,

तुझी युक्ती फसली. निशाने लिहिलं की नाही माहीत नाही, मीच सांगतो. पकडला गेलो. आता मी या टोकाला आणि ती त्या टोकाला. गंमत म्हणजे ती तरी येते. मला वाटलं होतं, फसल्यावर येणार नाही. येते, लिहिते, सगळ्यांशी बोलते. पुण्याच्या गृहस्थांची बायको तिला बाजूला बसवून घेते. संध्याकाळी तळ्याकाठी ती त्यांच्यात आणि मी खोलीत पाठांतर करत.

दिवस चार उरले. काल मी रात्रीच्या जेवणात सॉसमध्ये वाईन आहे का ते स्वयंपाक्याला विचारलं. तो म्हणाला, उकळली की उडून जाते. मी भात खाल्ला.

मी तुला विचार म्हणणार नव्हतो. आता म्हणतो. आईला विचार. एकदाच. तिने आयुष्यभर ते डोळ्यांसमोर आणू दिलं नाही, मला कळतं. घरात बाटली आली नाही, नाव निघालं नाही. तिला हे विचारणं म्हणजे बाबांना पुन्हा धक्क्यावर नेऊन उभं करणं. तरी विचार. परीक्षेत तीन ग्लास, तीन छोटे घोट. सांग, चमचाभर. सांग, खोकल्याचं औषध याहून जास्त असतं.

औषधावरून आठवलं. तिचं संध्याकाळचं औषध कसलं? डॉक्टरांनी गोळ्या सकाळच्याच दिल्या होत्या, चिठ्ठी मी पाहिली होती.

कल्पेश


मंगळवार, १० फेब्रुवारी
पनवेल

कल्पेश,

निशाचं पत्र मला मिळालं. तिला वेगळं लिहिलंय, ते तिला दे, वाचू नको.

आता तुझं. कुठं उभा असशील तर बस.

आई घेते.

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षापासून. दिवेलागणीला देवाला दिवा लावला की स्टीलच्या फुलपात्रात दोन बुचं, वर पाणी. आधी करंज्याहून गावठी यायची, आता दुकानातली. मी आणते. आमी दोघी तिला औषध बोलतो. तू येणार असलास की फुलपात्र पालथं घालून ठेवते आणि बाटली तांदळाच्या डब्यात. दोन बुचांची तीन कधी केली नाय. तुला वाटत असेल ती रडते, बडबडते. नाय. भाजी निवडते.

मी तुला सांगितलं नाय, कारण तिनं मलाही वदवून घेतलं, तुला सांगायचं नाय. त्याच बोटीवर, तुझ्या पाठीमागून. इतकी वर्षं मी दुकानात जाऊन दारू घेते आणि दुकानदाराला वाटतं, मी पिते. मी पीत नाय. कोणाला सांगू?

तू लिहिलंस, आईनं नाव निघू दिलं नाय. ते वाचून मला इतका संताप आला की समोरच्या गिऱ्हाइकाला बांगडा फुकट दिला. म्हणून लिहून टाकलं. आता तुला काय करायचं ते कर.

शशिकला


बुधवार, ११ फेब्रुवारी
नाशिक

ताई,

माझ्या हळदीला सगळा कोळीवाडा प्यायला. मी खुर्चीवर बसून कोकम सरबत घेत होतो आणि काका मला म्हणाले, नवरा हायस की पावना? आई समोर बसली होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, शाबासकी.

अकरावीत मित्रांनी मला जमिनीवर पाडून तोंडात ओतली. मी दात आवळून धरले. दाताचा तुकडा पडला, हा पुढचा, तुला माहीत आहे. तुला सायकलवरून पडलो म्हणून सांगितलं होतं.

सात वर्षं सकाळची पाळी.

आणि ती भाजी निवडते.

शुक्रवारी मी गिळणार. तिन्ही ग्लास, तळापर्यंत. हे तिला सांगितलंस तरी चालेल. स्पीकरवर सांग.

कल्पेश


गुरुवार, १२ फेब्रुवारी
पनवेल

कल्पेश,

सांगितलं. तू बोलला नसतास तरी सांगणार होते.

दिवा लावून झाला होता. मी बोलले, आई, कल्पेशला समजलंय. तिनं विचारलं नाय, काय. फुलपात्र खाली ठेवलं. बोलली, "तूच बोललीस."

"हो."

"बरं झालं. मना त्यो डबा उचलवत नाय आता."

मग मी सगळं सांगितलं. नाशिक, वाईन, कागद, नवं हॉटेल. ती ऐकत राहिली. मधेच बोलली, "म्हंजे तोंडात घेतो आनि थुकतो?"

"थुंकतो."

"चांगली दारू?"

"चांगली. महाग."

"येडा हाय." आणि हसली. तोंडाला पदर लावून, गुडघे धरून हसली. मला पण हसू आलं आणि राग पण आला.

मी बोलले, मोकळं कर त्याला. चमचाभराचा प्रश्न हाय.

ती बोलली, "नाय."

"तू स्वतः घेतेस."

"घेते म्हनूनच नाय. मना म्हाईत हाय, दोन बुचांवर थांबाया काय लागतं. रोज लागतं. त्याचा बाप पन दोन बुचांवरनंच गेला. त्याच्यात थांबायची ताकद हाय का नाय, मना कसं कलनार? बगायची मना हौस नाय."

"त्याची नवी नोकरी जाईल."

"बापाची बोट व्हती. वाचला का त्यो?"

मग तिनं फुलपात्र उचललं आणि राहिलेलं घेतलं, माझ्यासमोर, पाठ न फिरवता. पहिल्यांदा.

मी तुझ्या बाजूनं बोलले, एवढं लक्षात ठेव. उद्या तुझा तू हायस. तिथं आई नाय आणि मी पण नाय.

शशिकला


शनिवार, १४ फेब्रुवारी
नाशिक

ताई,

कालच लिहून पाठवायचं होतं, पण परीक्षा सुटेपर्यंत टेम्पो निघून गेला.

परीक्षा झाली. निकाल आज दुपारी लागला. मी नापास.

क्रमाने सांगतो. हॉलमध्ये शिरलो तर त्या टोकाला निशा बसलेली. समोर कोरा कागद, तीन ग्लास. मला वाटलं, बघायला बसली आहे. मग मॅडमनी हजेरीत तिचं नाव घेतलं आणि ती "हजर" म्हणाली. मला पाच दिवस कळलं नव्हतं. तुला कळलं होतं. तू मला वाचू नको म्हणालीस ते पत्र मी खरंच वाचलं नाही. मी तसलाच आहे.

पहिला ग्लास. रंग, वास, चव लिहिली. मग चौथा रकाना. मी घोट घेतला आणि तोंडात धरला. तयारीने गेलो होतो. राग पुरेसा होता. आईला समोर आणलं, फुलपात्र आणलं, हळदीचं सरबत आणलं. गिळायचं, एवढंच. तोंड भरून गरम झालं. गाल दुखायला लागले.

आणि वाटलं, ती पिते म्हणून मी प्यायचं असेल, तर मग एकोणीस वर्षं नाही कोण म्हणत होतं? दात आवळले ते मी. तिला ते माहीतही नाही. याच्यापुढे काही सुचलं नाही. काही मोठं वाटलं असं समजू नकोस. बादली ओढली.

दुसरा ग्लास, तोच प्रकार. तिसऱ्याला धरूनही ठेवला नाही. तिन्ही चौथ्या रकान्यांत लिहिलं, गिळलं नाही.

वासात वीसपैकी वीस. मॅडम म्हणाल्या, सात वर्षं शिकवते आहे, असं नाक पाहिलं नाही. मग म्हणाल्या, ऑगस्टमध्ये पुन्हा बसा, नियम तोच असेल. आणि हात पुढे केला. मी मिळवला. त्यांच्यावर रागवायलाही धड जागा नाही.

निशा पास. वर्गात दुसरी.

आज इथे जोडप्यांची गर्दी आहे. मळ्याच्या फाटकावर लाल फुगे, ओळीने उभे राहून फोटो. आम्हालाही एकाने उभं केलं. प्रमाणपत्र धरा, हसा. निशाने धरलं. मी कुठे बघावं कळेना. नंतर मी तिला विचारलं, का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "तूही सांगितलं नव्हतंस, कुठे नेतोयस ते." खोलीत आल्यावर मात्र ती प्रमाणपत्र बॅगेत तळाशी घालायला लागली, साड्यांच्या खाली. मी म्हटलं, दुमडेल. वर ठेव.

उद्या बसने निघतो.

कल्पेश


सोमवार, १६ फेब्रुवारी
खांदा कॉलनी, पनवेल

ताई,

आता एकाच गावात आहोत, तरी लिहितो. आईसमोर तुला हे सांगता येणार नाही आणि बाजारात तुझ्यासमोर गिऱ्हाईक असतं. शेजारचा मुलगा तिकडून जाणार आहे, त्याच्याबरोबर देतो.

दुपारी तू बाजारात असताना आईकडे गेलो होतो. शिवरात्रीचा उपास सोडून बसली होती, पाय पसरून. मी येताना तिने काही पालथं घातलं नाही. काही उघडंही नव्हतं. दुपार होती.

तिने पहिलं विचारलं, "गिललीस?"

"नाही."

"मंग नापास कशाला झालास?"

मी सांगितलं, गिळलं नाही म्हणूनच. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. तिला तो नियमच पटेना. वास ओळखला ना? चव ओळखली ना? मग पोटात गेल्यावर तिथे काय दुकान मांडायचं आहे? ती त्या मॅडमना इतकं बोलली की मी शेवटी मॅडमची बाजू घेतली. ताई, मी भांडायला गेलो होतो. सगळं पाठ करून गेलो होतो, दातापासून. तिने भांडायला जागाच ठेवली नाही. जाताना एवढंच म्हटलं, "तू मला सांगायला हवं होतंस."

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू शब्द धरला असतास का?"

मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर सांग.

मग तिने विचारलं, "पोरगी पास झाली?" मी म्हटलं, झाली. "मंग तिला धाड." जसं काही डबा पाठवायचा आहे.

मी घरी आलो तर निशाने नव्या हॉटेलचा अर्ज भरून ठेवला होता. सही राहिली होती. तिने पेन माझ्यापुढे धरलं, सही करायला नाही, विचारायला. मी म्हटलं, कर. ती म्हणाली, तुझी जागा आहे. मी म्हटलं, जागा माझी नव्हती, मी मागत होतो. हे बोललो खरं. मनात तसं नव्हतं. मनात होतं, चुलीत घाल. तुझाच शब्द.

संध्याकाळी तिला शिकवलं. बाटली कुठे धरायची, उजव्या बाजूने कसं यायचं, ओतून झाल्यावर मनगट कसं वळवायचं म्हणजे थेंब पडत नाही. पाण्याची बाटली आणि घरचे पेले. तीनदा टेबलावर सांडलं. मी ओरडलो. ती म्हणाली, "मग तूच जा." मग तिने फडक्याने पुसलं, दारापर्यंत मागे गेली आणि तिथून पुन्हा चालत आली. "सर, ओतू का?" म्हणाली. मी म्हटलं, सर म्हणू नकोस, नुसतं थांब, माणूस वर बघेल. ती थांबली. मी वर बघायला फार वेळ लावला.

चौथ्यांदा सांडलं नाही.

शेजारचा मुलगा आलाच नाही, त्यामुळे पत्र राहिलं. खाली लिहितो.

मंगळवार, १७ तारीख. सकाळी साडेपाचला मी पाळीवर निघालो तेव्हा निशा झोपलेली होती. तिची मुलाखत दहाला. मी तिच्या फोनवर सातचा गजर लावला आणि दार ओढून घेतलं.